दूरध्वनीवरून आरोग्याची मोजदाद : किती भरवशाची?

एखाद्या राज्यातील किती प्रौढ माणसे तंबाखू खातात, किती जणांचा रक्तदाब वाढलेला आहे, किती जणांच्या शरीराला पुरेशी हालचाल मिळते, हे कसे समजून घ्यावे? सरळ मार्ग म्हणजे घरोघरी जावे, विचारावे आणि शक्य असेल तिथे मोजावे. पण हा मार्ग खर्चाचा आहे आणि त्याला वेळ फार लागतो. म्हणून ‘आता प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आहे, मग फोन करूनच का विचारू नये?’ असा प्रश्न हल्ली वारंवार केला जातो. करोनाच्या साथीत घरोघरी जाणेच अशक्य झाले, तेव्हापासून तर या सूचनेला बराच जोर आला आहे.

या सूचनेची तपासणी करावी असे आम्हाला वाटते. आमचे मत आधीच सांगून टाकतो. फोन हे सर्वेक्षणाचे उपयुक्त साधन आहे, याबद्दल आमचे दुमत नाही. मात्र महाराष्ट्रासारख्या राज्यात केवळ फोनवर विसंबून प्रौढांच्या आरोग्याची देखरेख केली, तर ज्यांना आरोग्यसेवेची सर्वांत जास्त गरज आहे, नेमकी तीच माणसे आकड्यांतून गळतील. आणि जी माणसे आकड्यात नसतात, ती अंदाजपत्रकातही नसतात.

ही पद्धत आली कोठून?

या पद्धतीचे सर्वांत मोठे उदाहरण अमेरिकेचे आहे. तेथे राष्ट्रीय पातळीवर आरोग्याची माहिती गोळा होत असे. पण सार्वजनिक आरोग्याचे बरेचसे काम राज्य सरकारांकडे असूनही राज्याराज्यांची वेगळी माहिती मात्र नसे. १९८० च्या दशकाच्या आरंभी काही राज्यांत दूरध्वनीवरून चाचणी-सर्वेक्षणे झाली आणि १९८४ मध्ये १५ राज्यांना घेऊन ‘बिहेवियरल रिस्क फॅक्टर सर्व्हेलन्स सिस्टिम’, म्हणजे वर्तनाशी निगडित आरोग्य-जोखमींवर देखरेख ठेवणारी यंत्रणा, सुरू झाली. आज ती अमेरिकेच्या सर्व ५० राज्यांत चालते आणि दरवर्षी चार लाखांहून अधिक प्रौढांच्या मुलाखती फोनवरून घेतल्या जातात. धूम्रपान, मद्यपान, व्यायाम, वजन, मधुमेह, सीटबेल्टचा वापर असे त्यातील प्रश्न असतात.

ब्राझीलनेही २००६ पासून सर्व राज्यांच्या राजधान्या आणि राजधानीचा संघीय जिल्हा मिळून २७ शहरांत अशीच यंत्रणा उभी केली.

या यंत्रणांचे श्रेय नाकारता येणार नाही. तोच प्रश्न त्याच शब्दांत वर्षानुवर्षे विचारल्यामुळे बदल दिसतो. एखाद्या राज्याने सिगारेटवरचा कर वाढवला, तर पुढच्या काही वर्षांत तेथील धूम्रपान कमी झाले की नाही हे पाहता येते.

आपल्याकडची उणीवही खरी आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पहिल्या पाच फेऱ्या १९९२-९३, १९९८-९९, २००५-०६, २०१५-१६ आणि २०१९-२१ या काळात झाल्या. तिसऱ्या आणि चौथ्या फेरीत दहा वर्षांचे अंतर होते! भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या बंगळूरु येथील संस्थेने २०१७-१८ मध्ये असंसर्गजन्य रोगांच्या जोखमींचे राष्ट्रीय सर्वेक्षण केले. देशभरातील १२,००० घरे निवडून केलेले ते काम उत्तम होते. पण त्यातून देशाचे चित्र मिळाले, एकेका राज्याचे नव्हे. दरवर्षी राज्याचा आकडा हाती असावा, ही अपेक्षा म्हणूनच रास्त आहे. प्रश्न आहे तो आकडा मिळवण्याच्या मार्गाचा.

यादीत कोण, यादीबाहेर कोण?

सर्वेक्षणशास्त्राचा पहिला धडा असा : नमुना कितीही काळजीपूर्वक निवडा, तो ज्या यादीतून निवडला त्या यादीपेक्षा चांगला असू शकत नाही.

याचे जगप्रसिद्ध उदाहरण १९३६ चे आहे. अमेरिकेतील ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने अध्यक्षपदाच्या निवडणुकीपूर्वी सुमारे एक कोटी लोकांना मतपत्रिका पाठवल्या. पत्ते घेतले होते मुख्यतः दूरध्वनी-पुस्तिका आणि मोटारमालकांच्या याद्या यांतून. वीस लाखांहून अधिक उत्तरे आली आणि रिपब्लिकन पक्षाचे लँडन जिंकणार, असा निष्कर्ष निघाला. प्रत्यक्षात रूझवेल्ट यांना ६० टक्क्यांहून अधिक मते मिळाली. मंदीच्या त्या काळात फोन आणि मोटार बाळगणारा मतदार हा सरासरी मतदार नव्हता. शिवाय मतपत्रिका परत पाठवणाऱ्यांचा कल न पाठवणाऱ्यांपेक्षा वेगळा होता, हेही पुढील अभ्यासांत दिसून आले. यादी एकांगी होती आणि प्रतिसादही एकांगी होता.

‘ते १९३६ होते, आता फोन सर्वांकडे आहे,’ असे कोणी म्हणेल. सर्वांकडे म्हणजे कोणाकडे? शहरी भारतात दर शंभर माणसांमागे शंभराहून अधिक फोनजोडण्या आहेत, हे खरे. पण ही संख्या सिमकार्डांची आहे, माणसांची नव्हे. एकाच्या खिशात दोन सिमकार्डे असली म्हणून त्याच्या आईच्या हाती फोन येत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांना विचारले होते, ‘तुम्ही स्वतः वापरता असा मोबाइल तुमच्याकडे आहे का?’ देशभरात ५४ टक्के स्त्रियांनी ‘हो’ म्हटले. महाराष्ट्रातील प्रमाणही त्याच्या जवळपासच होते. त्यानंतर हे प्रमाण वाढले असेल; तरी घरातला फोन आणि स्वतःचा फोन यांतला फरक शिल्लक राहतोच. साठी उलटलेल्या, एकट्या राहणाऱ्या, ऊसतोडीसाठी सहा-सहा महिने गाव सोडणाऱ्या माणसांचा विचार केला, तर ही उणीव आणखी ठळक होते.

दुसरी अडचण नकाशाची आहे. आपल्याला आकडा हवा महाराष्ट्र राज्याचा. पण दूरसंचाराच्या नकाशावरील ‘महाराष्ट्र’ वेगळा आहे. त्या परिमंडळात गोवा येतो आणि मुंबईचे परिमंडळ मात्र स्वतंत्र आहे. मोबाइल क्रमांकाच्या सुरुवातीच्या आकड्यांवरून पूर्वी परिमंडळ कळे. २०११ पासून क्रमांक तोच ठेवून कंपनी बदलता येऊ लागली आणि २०१५ पासून दुसऱ्या परिमंडळात गेल्यावरही तोच क्रमांक ठेवता येऊ लागला. त्यामुळे लातूरचा क्रमांक घेऊन कोणी बंगळूरुत नोकरी करत असेल आणि पुण्याच्या बांधकामावरचा मजूर बिहारचा क्रमांक वापरत असेल. पहिला आपल्या राज्याच्या नमुन्यात शिरतो; दुसरा येथे राहून, येथील धूळ छातीत घेऊनही नमुन्यात येत नाही.

मोठा नमुना हा उपाय आहे का?

‘हजारांऐवजी लाखभर लोकांना फोन करू,’ असा युक्तिवाद अनेकदा ऐकू येतो. त्याचे उत्तर साध्या गणिताने देता येईल. हे गणित काल्पनिक आहे, पण विद्यार्थ्यांना फळ्यावर दाखवण्याजोगे आहे.

समजा एका गावात १०० प्रौढ आहेत. त्यांपैकी ६० जणांकडे फोन आहे, ४० जणांकडे नाही. फोन असलेल्यांत २० टक्के, म्हणजे १२ जण तंबाखू खातात. फोन नसलेल्यांत ४० टक्के, म्हणजे १६ जण खातात. गावातील खरे प्रमाण झाले २८ टक्के. फोनवरील सर्वेक्षण मात्र २० टक्केच सांगणार.

आता अशीच परिस्थिती असलेल्या मोठ्या राज्यात १,००० जणांना फोन केला, तर निव्वळ नमुन्यामुळे येणारी चूक साधारण अडीच टक्क्यांच्या आत राहील. एक लाख जणांना केला, तर ती पाव टक्क्याच्या आत येईल. नमुना शंभरपट झाला की ही चूक दहापटीने घटते. पण घटते ती फक्त २० या आकड्याभोवतीची अनिश्चितता. २० आणि २८ मधील आठ टक्क्यांची दरी जशीच्या तशी राहते. उलट अहवालात ‘चुकीची मर्यादा फक्त पाव टक्का’ असे छापून आल्याने वाचणाऱ्याचा विश्वास अधिक वाढतो. चुकीचे उत्तर मोठ्या आत्मविश्वासाने देण्याचा हा मार्ग आहे.

ही गोष्ट मराठी वाचकांना परकी वाटू नये. सातारा जिल्ह्यातील बुध येथे १९११ मध्ये जन्मलेले आणि उत्तरायुष्यात पुण्यात राहिलेले संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी १९४० च्या दशकात पिकांच्या सर्वेक्षणात हेच दाखवले होते. शेतातील छोटासा तुकडा आखून तेवढेच पीक कापायचे आणि त्यावरून एकूण उत्पन्न काढायचे, अशी पद्धत होती. तुकडा फार लहान असला की कडेवरची रोपे आत धरण्याकडे कापणाऱ्याचा कल होतो आणि उत्पन्न प्रत्यक्षाहून जास्त दिसते, असे त्यांना आढळले. असे तुकडे हजारोंनी वाढवले तरी ही चूक जात नाही, कारण ती प्रत्येक तुकड्यात एकाच दिशेने होते. कडेवरच्या रोपांचे जे, तेच यादीच्या कडेवरच्या माणसांचे.

संख्याशास्त्रज्ञ यावर ‘भार देण्याचा’ उपाय करतात. नमुन्यात स्त्रिया कमी आल्या, तर आलेल्या प्रत्येक स्त्रीच्या उत्तराला जास्त भार द्यायचा. अमेरिकेच्या यंत्रणेनेही २०११ मध्ये मोबाइल क्रमांक समाविष्ट करताना भार देण्याची रीत सुधारली. उपाय चांगला आहे, पण त्यामागे एक गृहीतक आहे : फोनवर सापडलेली स्त्री ही न सापडलेल्या स्त्रीसारखीच आहे. धडगावातील फोन नसलेल्या स्त्रीच्या वतीने कोथरूडमधील पदवीधर स्त्रीचे उत्तर दुप्पट मोजले, तर बेरीज जुळेल. चित्र जुळणार नाही.

फोन उचलला, पुढे काय?

यादीचा प्रश्न सुटला असे क्षणभर मानू. फोन उचलला जातो का? अमेरिकेत अलीकडच्या वर्षांत या सर्वेक्षणाला मिळणारा प्रतिसाद निम्म्याहून कमी आहे. पुण्यातल्या एखाद्या घरी दुपारी अनोळखी क्रमांकावरून फोन येतो आणि पलीकडची व्यक्ती वय, आजार, दारू यांविषयी विचारू लागते. बँकेच्या नावाने फसवणारे फोन रोज येत असताना शहाण्या माणसाने काय करावे, अशी आपली अपेक्षा आहे? फोन ठेवणे हेच शहाणपणाचे. म्हणजे उत्तर देणारे उरतात ते मोकळा वेळ असलेले, विश्वास टाकणारे किंवा विषयात रस असलेले.

जे बोलतात, तेही कुठे बसून बोलतात? घरातला एकच फोन नवऱ्याचा, बाजूला सासूबाई बसलेल्या. अशा वेळी सुनेला ‘तुम्ही तंबाखू वापरता का?’ असे विचारले, तर उत्तर ठरलेलेच आहे. घरी गेलेली अनुभवी कार्यकर्ती ओळखते की, हा प्रश्न आता विचारायचा नाही. ती पाण्याचा पेला मागते, थोडी थांबते, बाजूला नेऊन बोलते. फोनला हे दिसत नाही.

प्रश्नाचे शब्दही महत्त्वाचे आहेत. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने २०१६-१७ मध्ये केलेल्या प्रौढ तंबाखू सर्वेक्षणाच्या दुसऱ्या फेरीत महाराष्ट्रातील २६.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू वापरताना आढळले. धूर काढणारे केवळ ३.८ टक्के, बिनधुराची तंबाखू वापरणारे २४.४ टक्के. अमेरिकेतील प्रश्नावली जशीच्या तशी आणून ‘तुम्ही सिगारेट ओढता का?’ असे विचारले, तर आपले राज्य जवळजवळ निर्व्यसनी ठरेल! एवढेच नव्हे, ‘तंबाखू खाता का?’ या प्रश्नालाही मिश्री लावणारी बाई प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणते. तिच्या लेखी मिश्री दात घासण्यासाठी आहे, ती खाण्याची वस्तू नाही. ‘मिश्री लावता का? दिवसातून किती वेळा?’ असे तिच्या शब्दांत विचारावे लागते. ज्या प्रश्नावलीत मिश्री, मावा, गायछाप-चुना हे शब्द नाहीत, ती महाराष्ट्राची प्रश्नावली नव्हे. मेळघाटातील कोरकू किंवा गडचिरोलीतील गोंडी बोलणाऱ्यांसाठी तर भाषाच बदलावी लागेल.

विचारणे म्हणजे मोजणे नव्हे

सर्वांत मोठा आक्षेप पुढे आहे. फोनवरून रक्तदाब मोजता येत नाही. विचारता येते ते इतकेच : ‘तुम्हाला रक्तदाब असल्याचे डॉक्टरांनी कधी सांगितले आहे का?’ या प्रश्नाला ‘हो’ म्हणण्यासाठी आधी डॉक्टर भेटावा लागतो, त्याने यंत्र लावावे लागते आणि निष्कर्ष रुग्णाला सांगावा लागतो.

वर उल्लेखिलेल्या २०१७-१८ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात रक्तदाब प्रत्यक्ष मोजला गेला. सुमारे २८ टक्के प्रौढांचा रक्तदाब वाढलेला निघाला. आणि त्यांपैकी जेमतेम २८ टक्क्यांनाच आपल्याला हा विकार आहे हे ठाऊक होते. म्हणजे दर १०० प्रौढांत २८ रुग्ण, पण विचारल्यावर ‘हो’ म्हणू शकणारे फक्त ८. उरलेले २० जण कितीही प्रामाणिक असले, तरी फोनवर निरोगीच ठरणार.

यातून एक विचित्र परिणाम संभवतो. ज्या जिल्ह्यात दवाखाने चांगले, तपासणी नियमित, तेथे ‘रक्तदाबाचे रुग्ण’ जास्त दिसतील. ज्या जिल्ह्यात डॉक्टरच नाही, तो जिल्हा ठणठणीत दिसेल. अशा आकड्यांवर निधी वाटला, तर तो कोणाकडे जाईल हे सांगायला नको.

वजनाचेही असेच आहे. अमेरिकेत २०१८ च्या सुमारास फोनवर लोकांनी स्वतः सांगितलेल्या उंची-वजनावरून सुमारे ३१ टक्के प्रौढ स्थूल ठरत होते. प्रत्यक्ष काट्यावर उभे करून घेतलेल्या मापांवरून २०१७-१८ मध्ये हे प्रमाण ४२.४ टक्के निघाले. लोक उंची थोडी वाढवून आणि वजन थोडे घटवून सांगतात. आपल्याकडे तर अनेकांना आपले वजन ठाऊकच नसते.

पुण्याचेच उदाहरण घेऊ. २०२० च्या जुलै-ऑगस्टमध्ये आयसर आणि सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ यांच्या पुढाकाराने शहरातील पाच प्रभागांत १,६६४ जणांच्या रक्ताची तपासणी झाली. त्यांपैकी ५१.५ टक्के लोकांच्या रक्तात करोनाविरोधी प्रतिपिंडे आढळली. लोहियानगर-कासेवाडीत हे प्रमाण ६५.४ टक्के, तर कसबा-सोमवार पेठ भागात ३६.१ टक्के होते. सामायिक शौचालय वापरणाऱ्यांत ते स्वतंत्र शौचालय असलेल्यांपेक्षा जास्त होते. फोन करून ‘तुम्हाला करोना झाला होता का?’ असे विचारले असते, तर यातले काहीही कळले नसते. ज्याला लक्षणेच नव्हती, तो काय सांगणार?

फोन कोठे उपयोगी पडतो?

फोनची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. करोनाकाळातील मृत्यूंची खरी संख्या किती, हा वाद देशात होता. प्रभात झा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १,३७,२८९ प्रौढांच्या दूरध्वनी-सर्वेक्षणाचा आधार घेतला आणि जुलै २०२१ पर्यंत सुमारे ३२ लाख मृत्यू करोनामुळे झाल्याचा अंदाज मांडला. तो अधिकृत आकड्याच्या कित्येक पट होता. सरकारने हे अंदाज मान्य केले नाहीत, हेही नोंदवले पाहिजे.

येथे फोन का चालला? एक तर प्रश्न घराविषयी होता, उत्तर देणाऱ्याच्या शरीराविषयी नव्हता. घरात एकाकडे फोन असला तरी घरातील मृत्यू कळतो. दुसरे, मृत्यू ही न विसरणारी घटना आहे. ती कळण्यासाठी यंत्र लागत नाही. तिसरे, अभ्यासकांनी आपले उत्तर सरकारी नोंदींतील मृत्यूंशी ताडून पाहिले. म्हणजे साधन आणि प्रश्न यांची जोडी जुळली होती. आमचा आक्षेप फोनला नाही; जोडी न जुळवता फोन वापरण्याला आहे.

मग करावे काय?

आमच्या मते घरभेट हा पाया असावा आणि फोन हा त्यावरचा मजला. काही वर्षांनी एकदा सर्व जिल्ह्यांत घरोघरी जाऊन विचारावे आणि मोजावे. त्याच वेळी संमती घेऊन फोन क्रमांक घ्यावेत. मधल्या वर्षांत त्याच माणसांना फोन करून काय बदलले ते विचारावे. ओळख आधी झालेली असल्याने फोन उचललाही जाईल. ज्यांच्याकडे फोन नाही, त्यांची संख्या व स्थिती पहिल्या भेटीतच कळलेली असेल. त्यांतील थोड्यांकडे दरवर्षी प्रत्यक्ष जावे.

फोनची चूक किती, हे मोजताही येईल. पुण्याच्या केईएम रुग्णालय संशोधन केंद्राने २००२ पासून वढू परिसरातील, शिरूर व हवेली तालुक्यांतील २२ गावांत घरोघर नोंदी ठेवल्या आहेत. अशा ठिकाणी त्याच माणसांना एकदा फोनवर आणि एकदा घरी जाऊन विचारले, तर दोन्ही उत्तरांतील फरक हाती येईल. तो फरक ठाऊक नसताना राज्यभराचे आकडे जाहीर करण्याची घाई कशाला?

वर्गातील एक प्रयोग

शिक्षकांना हा विषय सहज शिकवता येईल. दोन वाट्या घ्या. एकीत ६० वाल टाका, त्यांतील १२ वर शाईने खूण करा. ही ‘फोन असलेल्यांची’ वाटी. दुसरीत ४० टाका, १६ वर खूण करा. ही ‘फोन नसलेल्यांची’. आता विद्यार्थ्यांना फक्त पहिल्या वाटीतून, डोळे मिटून, एकेक वाल उचलून परत टाकायला सांगा. प्रथम २० वेळा, मग १०० वेळा, मग वर्गातील सर्वांचे मिळून १,००० वेळा. खुणेच्या वालांचे प्रमाण दरवेळी फळ्यावर लिहा. आकडा हळूहळू २० टक्क्यांवर स्थिर होत जाईल आणि सर्वांना वाटेल, उत्तर सापडले. मग दोन्ही वाट्या एकत्र ओता आणि सर्व खुणा मोजा. २८ हा आकडा पाहून वर्गात जी शांतता पसरेल, ती सर्वेक्षणावरील एका तासाच्या व्याख्यानापेक्षा जास्त शिकवून जाईल.

त्यानंतर वर्तमानपत्रातील एखाद्या सर्वेक्षणाची बातमी काढा आणि विद्यार्थ्यांना चार प्रश्न विचारायला लावा : यादी कोणाची होती? किती जणांनी उत्तर दिलेच नाही? प्रश्न नेमक्या कोणत्या शब्दांत विचारला? आणि ही गोष्ट विचारून कळण्याजोगी होती, की मोजायला हवी होती? चारपैकी एकाचेही उत्तर बातमीत नसेल, तर शीर्षकातील टक्केवारी वहीत उतरवून घेण्याचे कारण नाही.

मोजणी हा न्यायाचाही प्रश्न आहे. दुसऱ्या वाटीतील ४० वाल कोणी उचललेच नाहीत, म्हणून ते नव्हते असे होत नाही.